गाळातून शार्क आणि पाकटांचे बारीक जीवाश्म दात कसे वेचावेत

मेगालोडॉन या नामशेष, महाकाय शार्कचा हाताच्या पंजाएवढा दात बहुतेकांनी चित्रात तरी पाहिलेला असतो. पण शार्कांची मोजदाद केली तर अजस्र अंगाच्या जाती थोड्याच निघतात. लहान मुशी आणि पाकटं (चपटे ‘रे’ मासे) यांच्या जाती कितीतरी जास्त आहेत. त्यांचे दात तिळाएवढे, मोहरीएवढे, कधी कधी खसखशीएवढे असतात. जमिनीवर वाकून नुसत्या डोळ्यांनी दात वेचणाऱ्याला या जाती दिसतच नाहीत आणि त्याच्या संग्रहावरून त्या काळच्या समुद्राचं जे चित्र उभं राहतं, ते अर्धंमुर्धं असतं. बारीक दात हवे असतील तर माती उचलून आणायची, भिजवायची, चाळायची, सुकवायची आणि मायक्रोस्कोपखाली दाणा दाणा बघायची.

माती चांगली मिळाली तरी दात आपल्याच हातून जातात. घाईने भिजवताना मोडतात, भरड चाळणीतून निसटतात, चिमट्यातून उडतात. म्हणून पुढे कृतीबरोबर दात नेमका कुठे हरवतो तेही सांगितलं आहे. ते समजलं की उरलेली पद्धत आपली आपल्याला बसवता येते.

माती कुठली घ्यावी

शार्क आणि पाकटांचा सांगाडा कूर्चेचा असतो, तो सहसा कुजून जातो. दात मात्र डेंटिन या हाडासारख्या द्रव्याचे, वरून फ्लुओरॅपटाइट या फॉस्फेट खनिजाच्या कडक आवरणाचे. शिवाय जुने दात गळून मागचे पुढे सरकणं जन्मभर चालतं, त्यामुळे एकेक प्राणी आयुष्यात हजारो दात तळाशी टाकतो. ते समुद्राच्या तळावर सगळीकडे पडतात, पण दाटीने सापडतात ते जिथे गाळ फार सावकाश साचला किंवा लाटांनी हलका गाळ धुऊन नेला आणि जड माल मागे ठेवला तिथेच. उघड्या कड्यात असा थर ओळखता येतो: गोलसर खडे, फुटक्या शिंपल्यांचा चुरा, काळे चकचकीत फॉस्फेटचे गोटे, ग्लॉकोनाइट या खनिजाची हिरवट वाळू. दोन वेगळ्या थरांच्या सांध्यावर, विशेषतः समुद्र जमिनीवर चढून आला त्या वेळच्या तळच्या पट्ट्यात, हमखास शोधावं. प्राण्यांनी केलेली बिळं वरच्या भरड वाळूने भरलेली दिसली तर ती वाळू वेगळी घ्यावी, तिथे दात साठतात.

जाड, एकसारख्या चिकणमातीत दात विरळ असतात, पण अखंड असतात. भरड थरात भरपूर, पण झिजलेले. अभ्यासासाठी दोन्ही हवेत.

उत्तर अमेरिकेच्या पश्चिम भागातल्या बी-दाणे गोळा करणाऱ्या ‘हार्वेस्टर’ मुंग्या आपल्या वारुळावर खडे आणून पसरतात. त्या खड्यांत आजूबाजूच्या थरांतले बारीक जीवाश्म दातही येतात आणि संशोधक ते वारूळ न मोडता वरून वेचतात. अमुक आकाराचा दाणा या परिसरात मिळतो का, याचं उत्तर त्या मुंग्यांनी आधीच चाळून ठेवलेलं असतं.

जमीन कोणाची आहे, जीवाश्म गोळा करायला तिथे मनाई आहे का, हे फावडं लावण्याआधी विचारून घ्यावं. समुद्रकाठच्या कड्याखाली काम असेल तर भरतीची वेळ पाहूनच उतरावं आणि लोंबत्या कड्याखाली कधीही बसू नये.

नमुना

आधी चाचणीपुरती २ ते ३ किलो माती घ्यावी. तिच्यातून दोन-चार दात निघाले तरच २० ते २५ किलोचा नमुना आणायचा. सुरुवातीलाच पोत्यांनी माती आणली की अर्धी कोपऱ्यात पडून राहते.

थराचा वरचा १० ते १५ सेंटिमीटर भाग खरवडून टाकावा. त्यात वरून ओघळलेला, दुसऱ्या थरातला माल मिसळलेला असतो. मग स्वच्छ धुतलेल्या फावड्याने एकाच थरातली माती जाड पिशवीत भरावी. जागा, थर, थराच्या तळापासूनची उंची आणि तारीख हे पेन्सिलीने जाड कागदावर लिहून तो कागद लहान झिपच्या पाकिटात घालून पिशवीच्या आत टाकावा, वर मार्करनेही लिहावं. बाहेरचं लिखाण ओल्या पिशवीवरून पुसलं जातं आणि ज्याचा थर माहीत नाही तो दात सुंदर असला तरी अभ्यासाला निरुपयोगी ठरतो.

सुकवणे आणि भिजवणे

चिकणमाती आणि मार्ल (चुनखडीयुक्त माती) यांच्यासाठी हा टप्पा सगळ्यांत महत्त्वाचा, आणि घाई सगळ्यांत जास्त इथेच होते. मातीची २ ते ३ सेंटिमीटरची ढेकळं हाताने फोडून पसरट तसराळ्यात एकेरी पसरावीत. हातोडी लावायची नाही. सावलीत, हवेशीर जागी, आतपर्यंत खडखडीत सुकेपर्यंत ठेवावीत, भले आठवडा लागो. सुकलेल्या ढेकळाला बोटाने टिचकी मारली की कोरडा, कडक आवाज येतो. ओलसर ढेकूळ बद्द वाजतं. हीटर किंवा ओव्हन वापरायचाच असेल तर ४० अंश सेल्सिअसच्या वर जाऊ नये, नाही तर कडक आवरण आणि आतलं डेंटिन वेगवेगळ्या प्रमाणात आकसून दाताला भेगा पडतात.

पूर्ण सुकल्याशिवाय पाणी का घालू नये? कोरड्या मातीच्या छिद्रांत पाणी जोरात शिरतं, आतली हवा कोंडते आणि तिच्या दाबाने ढेकूळ स्वतःच फुटून विरघळतं. अर्धवट ओल्या ढेकळात पाणी आधीच भरलेलं असतं, त्यामुळे फुटायला काही उरत नाही. असं ढेकूळ बादलीत आठवडाभर तसंच गुळगुळीत पडून राहतं आणि मग माणूस ते हाताने चुरडतो. बारीक दातांची मुळं तिथे मोडतात.

बादली एक तृतीयांशापेक्षा जास्त भरू नये. वरून भरपूर कोमट पाणी ओतावं आणि बाजूला व्हावं. बुडबुडे येतात, कडा कोसळतात, पंधरा-वीस मिनिटांत बरीचशी माती चिखल होते. रात्रभर राहू द्यावं. ढवळायचं असेल तर बादली हलकेच गोल फिरवावी.

तरीही ढेकळं उरली तर ती चाळून घेऊन पुन्हा पूर्ण सुकवून पुन्हा भिजवावीत. सुकवणं-भिजवणं दोन-तीनदा केलं की बहुतेक माती हार मानते. तेवढ्यानेही भागलं नाही तर गरम पाण्यात लिटरला २० ग्रॅम धुण्याचा सोडा किंवा लिटरला २० ते ५० ग्रॅम सोडियम हेक्सामेटाफॉस्फेट घालून एक-दोन दिवस भिजवावं.

हट्टी शेलसाठी (पापुद्र्यांनी सुटणाऱ्या घट्ट चिखलदगडासाठी) रॉकेलची युक्ती चालते. खडखडीत सुकलेली ढेकळं काही तास रॉकेलमध्ये बुडवायची, रॉकेल पूर्ण निथळून काढायचं आणि मग वर गरम पाणी ओतायचं. पाणी छिद्रांत शिरताना रॉकेलला बाहेर ढकलतं आणि खडक सुटतो. हे काम उघड्यावर करावं, आसपास कुठेही ज्योत नको, पाणी दुसरीकडे तापवून आणावं. निथळलेलं रॉकेल बाटलीत भरून पुढच्या खेपेला ठेवावं.

काळपट, सेंद्रिय द्रव्याने भरलेल्या मातीला ३ ते ६ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड लावतात. त्या मातीत पायराइटचे (लोह आणि गंधकाच्या खनिजाचे) सोनेरी कण दिसत असतील तर ते वापरू नये. पायराइटशी क्रिया होऊन मिश्रण भसकन तापतं आणि त्यातून तयार होणारं ॲसिड दातांचं फॉस्फेट खातं. पेरॉक्साइडचं भांडं कधीही बंद करू नये. चष्मा आणि हातमोजे हवेतच.

चुनखडी असेल तर

घट्ट चुनखडी पाण्याने सुटत नाही, तिला ॲसिटिक ॲसिड लागतं. हायड्रोक्लोरिक ॲसिड चुना झपाट्याने खातं, पण दातही खातं, म्हणून ते वर्ज्य. ॲसिटिक ॲसिडही नुसतं वापरलं तर बारीक दात खडबडीत होतात. द्रावणाचा पीएच ३.६ च्या खाली गेला की फॉस्फेट धोक्यात येतं. उपाय म्हणजे आधीच्या खेपेचं, चुना विरघळून संपृक्त झालेलं द्रावण नव्यात मिसळणं. सूक्ष्मजीवाश्मांच्या प्रयोगशाळांत रुळलेलं प्रमाण असं: ७ टक्के तीव्र ॲसिड, ६३ टक्के पाणी, ३० टक्के गाळून घेतलेलं जुनं द्रावण. आधी पाणी, मग त्यात ॲसिड, हा क्रम उलटा करायचा नाही.

दगड बादलीच्या तळाला ठेवू नयेत. प्लॅस्टिकच्या जाळीवर अधांतरी ठेवले की सुटलेला चुरा खाली पडतो आणि दगडाच्या वजनाखाली चिरडत नाही. फेस थांबला की द्रावण बदलावं. शेवटी चुरा पाण्यात भरपूर धुवावा. ॲसिडमध्ये जितके दिवस, त्याच्या निदान तिप्पट दिवस पाणी बदलत ठेवावं. धुणं कमी पडलं तर दाताच्या छिद्रांत कॅल्शियम ॲसिटेटचे स्फटिक सुकताना वाढतात आणि दात आतून फोडतात. काल अखंड असलेला दात आठवड्याने चुरा झालेला दिसतो, त्याचं कारण बहुधा हेच असतं.

चाळणे

चाळण्या ४, २, १, ०.५ आणि ०.२५ किंवा ०.३ मिलिमीटरच्या, एकाखाली एक. खालची चाळणी ०.५ ची ठेवून थांबण्याचा मोह होतो, कारण त्याखाली चाळणं फार सावकाश चालतं. पण चाळणी दाण्याची लांबी मोजत नाही, त्याची रुंदी मोजते. १ मिलिमीटर लांबीचा, ०.४ मिलिमीटर रुंदीचा उभट दात टोकावर उभा राहिला की ०.५ च्या भोकातून सरळ खाली जातो. कॅटशार्कचे आणि लहान पाकटांचे दात असेच जातात, कातडीवरचे दातासारखे खवले तर त्याहून बारीक. चाचणीच्या नमुन्यात तरी ०.२५ ची चाळणी लावावीच. मग त्या थरात बारीक माल आहे की नाही हे अंदाजाने ठरवावं लागत नाही.

एका वेळी चाळणीवर १ सेंटिमीटरहून जाड थर नको. पाणी झारीच्या फवाऱ्याने, हळू. जोराची धार दात मोडते आणि उभे करून जाळीतून ढकलते. तळहाताने घासणं पूर्ण बंद. जाळी तुंबली की चाळणी अर्धी पाण्यात बुडवून हलकेच वर-खाली करावी, भोकं मोकळी होतात.

गढूळ पाणी नाल्यात किंवा मोरीत सोडू नये, पाइप पक्का बसतो. टबात रात्रभर ठेवून वरचं नितळ पाणी ओतून द्यावं आणि तळचा चिखल मोकळ्या जमिनीवर टाकावा. टाकण्याआधी त्यातला मूठभर चिखल मायक्रोस्कोपखाली पाहावा. त्यात मोडकी मुळं आणि टोकं दिसली तर आपल्या चाळण्यात चूक आहे, एवढं लगेच कळतं.

दोन नमुन्यांच्या मधे चाळणी उलटी करून मागून धुवावी आणि मेथिलीन ब्ल्यूच्या पाण्यात बुडवून काढावी. जाळीत अडकून राहिलेला आधीच्या नमुन्यातला दाणा निळा होतो. पुढच्या नमुन्यात निळा दात दिसला तर तो या थरातला नाही, हे उघड कळतं. वेगवेगळ्या काळांचे नमुने एकाच चाळणीतून जात असतील तर याच्याशिवाय काम करूच नये.

घोळणे आणि जड द्रव

उरलेला चुरा सुती कापडावर सुकवून, कोरडाच पुन्हा चाळून आकारवार वेगळा करावा. प्रत्येक भागाचं वजन लिहावं.

वाळू फार असेल तर दात आधी एकत्र आणता येतात. दातांतल्या ॲपटाइटची घनता (पाण्याची १ धरून) सुमारे ३.२, वाळूतल्या क्वार्ट्झची २.६५, कॅल्साइटची २.७१. फरक थोडा आहे, म्हणून पसरट थाळीत पाण्यात घोळताना दाणे एकाच आकाराचे हवेत. नाहीतर वाळूचा मोठा दाणा आणि दाताचा लहान दाणा सारख्याच वेगाने बसतात आणि घोळण्याचा उपयोग होत नाही.

सोडियम पॉलिटंगस्टेटचं द्रावण २.७५ ते २.८ घनतेला बसवलं की वाळू तरंगते, दात बुडतात. हे द्रव महाग असतं, पण डिस्टिल्ड पाण्याने धुऊन, पाणी आटवून परत मिळतं. साधं पाणी चालत नाही, कारण त्यातल्या कॅल्शियमने साका धरतो. लोखंडी भांडं किंवा चमचा लागला तर द्रव निळं पडतं. जुन्या पुस्तकांत ब्रोमोफॉर्म सांगितलेलं असतं. ते विषारी आहे, घरी आणू नये. आणि तरंगलेला माल न बघता फेकू नये: सच्छिद्र मुळाच्या दातांत हवा अडकली असेल तर ते वाळूबरोबर वरच राहतात.

वेचणे

२ मिलिमीटरच्या वरचं डोळ्यांनी, त्याखालचं स्टिरिओ मायक्रोस्कोपने, १० पट वाढवून. ओळखीसाठी २० ते ४० पट. तबकडीला उभी कड हवी आणि तळाला १ सेंटिमीटरच्या चौकटी आखलेल्या. दात फिके असतील तर तळ काळा, दात काळे असतील तर पांढरा. चुरा इतका विरळ पसरावा की दाणे एकमेकांवर चढणार नाहीत. चिमूटभर जास्त टाकली की वेळ वाचल्यासारखं वाटतं आणि खालचे दात झाकले जातात.

प्रकाश एका बाजूने, खालच्या कोनातून पडू द्यावा. वाळूचे दाणे काचेसारखे लकाकतात, त्यांच्यावर ठिणगीसारखे बिंदू दिसतात. दाताची चकाकी वेगळी असते: तेलकट, सलग, वळणावरून घसरत जाणारी. कडेला तो किंचित पारदर्शक, मधासारखा दिसतो. आणि त्याच्या डाव्या-उजव्या बाजूंत मेळ असतो. डोळा एकदा या मेळाला सरावला की रंग पाहावाच लागत नाही.

चिमटा बाजूला ठेवावा. पाण्यात टेकवलेल्या ०००  नंबरच्या ब्रशचं टोक दाताला लावलं की तो त्याला चिकटून येतो. चिमट्याने दाबलेला १ मिलिमीटरचा दात उडतो आणि सापडत नाही. टेबलावर मोठं फिकं कापड अंथरलेलं असावं.

चौकटी एका ओळीने वाचाव्यात, मग तबकडी अर्धवट फिरवून पुन्हा एकदा. दुसऱ्या फेरीत दात निघतातच, कारण प्रकाश दाण्यांच्या दुसऱ्या बाजूवर पडतो. पाऊण तासाने डोळ्यांना विश्रांती द्यावी. थकलेला डोळा ओळखीचे आकारच उचलतो, आणि अनोळखी, म्हणजे बहुधा महत्त्वाचा, दात तसाच टाकून देतो.

ओळख

पहिला प्रश्न: दात आहे का? खेकड्याच्या नांगीचं टोक, समुद्री साळिंदराचा (सी अर्चिनचा) काटा, शिंपल्याचा तुकडा हे कॅल्शियम कार्बोनेटचे असतात. त्याच प्रकारच्या दुसऱ्या मोडक्या तुकड्यावर सौम्य ॲसिडचा थेंब टाकला की फसफसतात, दात फसफसत नाही. हाडाळ माशांचे दातही फॉस्फेटचे असतात, पण ते बहुधा साधे शंकू, टोकाला काचेसारखी वेगळी टोपी, खाली पोकळ आणि मूळ नाही. शार्क-पाकटांच्या अखंड दाताला माथा आणि मूळ असे दोन वेगळे भाग दिसतात, मूळ खरबरीत आणि छिद्रांचं.

म्हणूनच मूळ जपायचं. ओळख बरीचशी मुळावर ठरते. ‘डॅसियाटिस’सारख्या पाकटाचा दात घ्या: माथा चौकटीच्या पत्त्यासारखा, त्याखाली आखूड मान आणि मग मुळाचे दोन पाय, मधे खोल खाच, खाचेत अन्नरसाचं छिद्र. तो दोन पायांवर उभा राहिलेला दिसतो. त्याच जातीच्या नराचा दात प्रजननकाळात टोकदार होतो, कारण मादीला धरायचं असतं. चपटे आणि टोकदार दात वेगळ्या जातींचे समजण्याची चूक फार होते.

‘मायलिओबॅटिस’ या गरुड-पाकटाच्या (ईगल रे) मधल्या दातांच्या षट्कोनी, आडव्या पट्ट्या असतात आणि मुळाला कंगव्यासारखे दाते. ‘ऱ्हायनोबॅटोस’ या गिटारफिशच्या दाताला माथ्याच्या आतल्या बाजूला मधे एक जिभेसारखा लोंबता भाग आणि दोन बाजूंना दोन लहान भाग. ‘स्क्वालस’ या डॉगफिश शार्कच्या दाताचा माथा एका बाजूला आडवा पडलेला असतो. ‘स्क्वाटिना’ या एंजल शार्कच्या दाताचं मूळ सपाट आणि रुंद, टोक त्यावर काटकोनात उभं. ‘सायलिओऱ्हायनस’ या कॅटशार्कच्या दाताला मधल्या टोकाच्या दोन्ही बाजूंना लहान टोकं आणि बुडाशी उभ्या सुरकुत्या. ‘हेटरोडोन्टस’ या हॉर्न शार्कचे पुढचे दात टोकदार आणि मागचे दळायच्या दाढांसारखे, एकाच तोंडात. एका दातावरून जातीचं नाव ठोकून देऊ नये. प्रजातीपर्यंत (जीनस), नाहीतर कुळापर्यंत थांबावं.

ठेवणे

दात सूक्ष्मजीवाश्मांच्या काळ्या तळाच्या स्लाइडवर, पाण्यात विरघळणाऱ्या डिंकाच्या अगदी पातळ थराने चिकटवावेत, म्हणजे ओला ब्रश लावला की फिरवून दुसरी बाजू पाहता येते. सुपरग्लू नको. मोडक्या मुळाला आधार द्यायचा तर ॲसिटोनमधलं २ ते ५ टक्क्यांचं पॅरालॉइड बी-७२ हे ॲक्रिलिक राळेचं द्रावण. ते पुढे ॲसिटोननेच काढता येतं. पायराइट असलेले दात सिलिका जेलसह हवाबंद डबीत ठेवावेत. दमट हवेत पायराइटचं ॲसिड होतं आणि दाताबरोबर लेबलही खातं.

प्रत्येक नमुन्याच्या नोंदीत कोरडं वजन, वापरलेली सगळ्यांत बारीक चाळणी, प्रत्येक भागातून किती ग्रॅम चुरा वेचला आणि किती दात निघाले हे लिहावं. दात निघाले नाहीत तर शून्यही लिहावं. आणि न वेचलेला चुरा लेबलासह जपून ठेवावा. पुढे हाती नवी चाळणी किंवा चांगला मायक्रोस्कोप आला, की पहिलं काम त्या डब्यांवर करावं.